ड्रम मॉड्यूलमधील एन्व्हलप : डिके वाढवूनही आवाज मध्येच का तुटतो?

नवा_वादक

नमस्कार. माझ्या इलेक्ट्रॉनिक ड्रम मॉड्यूलमध्ये तयार सॅम्पलांबरोबरच, म्हणजे ध्वनिमुद्रित आघातांबरोबरच, आवाज मुळापासून घडवण्याचीही सोय आहे. प्रत्येक पॅडच्या वाट्याला एक ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा भाग), एक नॉइज (सळसळ निर्माण करणारा भाग), एक फिल्टर आणि चार एन्व्हलप जनरेटर, म्हणजे आघातानंतर पातळी, पिच वगैरे वेळेनुसार कसे बदलावे हे ठरवणारे भाग, येतात. ऑसिलेटर आणि नॉइज यांच्या पातळीसाठी एकेक, पिचसाठी एक आणि फिल्टरसाठी एक अशी त्यांची वाटणी आहे. चारही ठिकाणी अटॅक (चढ), डिके (उतार), सस्टेन (टिकून राहणे) आणि रिलीज (सोडल्यावर विझणे) हे नेहमीचे टप्पे दिलेले आहेत. कीबोर्डच्या सिंथेसायझरवर हे टप्पे माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. पट्टी दाबून धरली की सस्टेन चालू राहतो आणि सोडली की रिलीज सुरू होतो. पॅडवर मात्र दाबून धरण्यासारखे काहीच नसल्यामुळे या टप्प्यांचा अर्थ कसा लावायचा, हे नीट उमगत नाही.

सध्या तीन गोष्टी अडल्या आहेत. किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) डिके एका मर्यादेपर्यंत वाढवला की आवाज लांबतो, पण त्यापुढे नॉब कितीही फिरवला तरी तो त्याच जागी कापल्यासारखा तुटतो. दुसरे म्हणजे, किकमध्ये घुमारा आहे, पण थाप नाही. अटॅक शून्यावर आणला की सुरुवातीला एक बारीक टक्‌ ऐकू येते, आणि ती किकचा भाग न वाटता वर चिकटवल्यासारखी वाटते. तिसरे, स्नेअरमध्ये (खाली तारा लावलेल्या ड्रममध्ये) सूर आणि नॉइज हे दोन वेगळे आवाज एकाच वेळी वाजल्यासारखे ऐकू येतात. त्यांचा मिळून एक ड्रम होत नाही. कोणता एन्व्हलप आधी लावावा आणि कोणता नंतर, याचाही काही क्रम असल्यास जाणकारांनी कृपया सांगावा.

मंद्र

तुमच्या पहिल्या अडचणीचे मूळ डिकेमध्ये नसून रिलीजमध्ये आहे, असे वर्णनावरून दिसते. पॅडखालचा पायझो सेन्सर फक्त आघात ओळखतो. काठी किती वेळ टेकलेली होती, हे त्याला कळत नाही. परंतु आवाज निर्माण करणारा भाग मिडीच्या (वाद्ययंत्रांमधल्या संदेशांच्या पद्धतीच्या) रीतीने चालत असल्यामुळे त्याला ‘नोट ऑन’नंतर केव्हातरी ‘नोट ऑफ’ मिळावाच लागतो, म्हणून मॉड्यूल तो ठरावीक वेळाने आपणहून पाठवते. या अवधीला बहुतेक मॉड्यूलांत गेट टाइम असे नाव असते. समजा, गेट टाइम 100 मिलिसेकंद, डिके 600 मिलिसेकंद आणि रिलीज 10 मिलिसेकंद आहे. अशा वेळी एन्व्हलप 100 मिलिसेकंद डिकेच्या उतारावरून येतो, मग तो उतार अर्धवट सोडून रिलीजमध्ये शिरतो आणि पुढच्या 10 मिलिसेकंदांत सगळे आटोपते. डिके 600 वरून 2000 वर नेला तरी तुटण्याची जागा तसूभरही हलणार नाही.

यावर तीन मार्ग आहेत. मॉड्यूलमध्ये ‘वन शॉट’ किंवा ‘ट्रिगर’ अशी पद्धत निवडता येत असेल तर ती निवडावी, म्हणजे नोट ऑफकडे दुर्लक्ष होते. ती सोय नसेल तर सस्टेन शून्यावर ठेवून रिलीजची वेळ डिकेइतकीच ठेवावी. मग नोट ऑफ केव्हाही आला तरी उतार साधारण त्याच वेगाने पुढे चालू राहतो. गेट टाइम वाढवणे हा तिसरा मार्ग, पण तो मला आवडत नाही, कारण बाहेरच्या यंत्राला मिडी पाठवताना लांबलेल्या नोटा एकमेकींवर चढतात आणि भलताच घोळ होतो. खरे म्हणजे चार टप्प्यांचा एन्व्हलप ड्रमसाठी अडगळीचाच आहे. अटॅक आणि डिके हे दोन पुरतात. फार तर त्यांच्या मध्ये होल्डचा, म्हणजे पातळी तशीच धरून ठेवण्याचा, टप्पा असावा.

आता दुसरी अडचण, आणि माझ्या मते सगळा मुद्दा इथेच आहे. ड्रमच्या आवाजात मिलिसेकंदांच्या आकड्यापेक्षा उताराचा आकार अधिक बोलतो. सरळ रेषेत उतरणारा एन्व्हलप अर्ध्या वेळेला निम्म्या पातळीवर असतो, म्हणजे केवळ 6 डेसिबल खाली. नव्वद टक्के वेळ सरली तरी तो 20 डेसिबलच उतरलेला असतो आणि उरलेली सगळी घसरण शेवटच्या दहाव्या हिश्श्यात होते. कानाला हे ‘आवाज टिकून राहिला आणि मग बंद पडला’ असे जाणवते. याउलट घातांकी उतार दर समान अवधीत सारख्याच डेसिबलने खाली येतो, आणि ताणलेले कातडे किंवा धातूची पत्रीही साधारण अशीच विझते. जुन्या अॅनालॉग यंत्रांत कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा होताना हा आकार आपोआप मिळत असे. 100 किलोओहमचा रेझिस्टर आणि 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर 100 मिलिसेकंदांत व्होल्टेज मूळच्या 37 टक्क्यांवर येते, म्हणजे सुमारे 8.7 डेसिबल घट. आणि 60 डेसिबल उतरायला जवळपास 690 मिलिसेकंद लागतात. त्यामुळे एका यंत्रावर डिके ‘100’ आणि दुसऱ्यावरही ‘100’ लिहिलेला असला तरी पहिल्याचा अर्थ 37 टक्क्यांपर्यंतचा वेळ आणि दुसऱ्याचा अर्थ पूर्ण शांत होईपर्यंतचा वेळ असा असू शकतो. दुसऱ्याच्या सेटिंगचे आकडे उतरवून घेऊन फारसे काही हाती लागत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

किकची थाप पातळीच्या एन्व्हलपमधून येत नाही, ती पिचच्या एन्व्हलपमधून येते. तुमच्या किकचा मूळ सूर 50 हर्ट्झ आहे असे धरू. त्याचे एक आवर्तन पुरे व्हायलाच 20 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे नुसत्या 50 हर्ट्झच्या लहरीची सुरुवात कितीही झटकन केली तरी कानाला ठोका वाटेल असे त्या अवधीत फार थोडे घडते. आता पिचचा एन्व्हलप तीन सप्तके वर, म्हणजे 400 हर्ट्झपासून सुरू करा आणि त्याचा उतार घातांकी ठेवून कालांक, म्हणजे मूळ सुरापासूनचे सप्तकांतले अंतर 37 टक्क्यांवर यायला लागणारा वेळ, 15 मिलिसेकंद धरा. पहिल्या 15 मिलिसेकंदांत सूर 400 वरून सुमारे 107 हर्ट्झवर कोसळतो, 30 मिलिसेकंदांना तो 66 च्या आसपास असतो आणि 45 मिलिसेकंदांना 55 वर पोहोचलेला असतो. पहिल्या काही मिलिसेकंदांतली ही कोसळच थाप म्हणून ऐकू येते आणि पुढचे सगळे घुमारा म्हणून. दोन्ही एकाच लहरीचे भाग असल्यामुळे वर काही चिकटवल्यासारखे वाटत नाही. हीच घसरण 45 मिलिसेकंदांत सप्तकांच्या मापाने सरळ रेषेत केली तर 15 मिलिसेकंदांना सूर अजून 200 वर आणि 30 ला 100 वर असतो. कानाला प्रवासच ऐकू यायला लागतो आणि किकचे ‘ट्यूं’ होते. तो परिणाम हवा असेल तर गोष्ट वेगळी. 1981 मध्ये आलेल्या सिमन्स एसडीएस-5 या षट्कोनी पॅडांच्या संचाने टॉममधली हीच लांब घसरण जगभर ओळखीची केली आणि तिच्यासाठी ‘बेंड’ असा स्वतंत्र नॉबच दिला.

क्रमाबद्दल माझी पद्धत अशी : पिच, फिल्टर आणि नॉइज हे सारे बंद ठेवून आधी नुसत्या सुराची लांबी गाण्याच्या लयीत ठरवावी, मग पिचची घसरण जोडावी, आणि त्यानंतरही काही कमी वाटले तरच बाकीच्यांकडे वळावे. मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमध्ये 500 मिलिसेकंद असतात. त्यांतले किती किकने व्यापायचे आणि किती बाससाठी मोकळे सोडायचे, हा निर्णय एकट्या किककडे पाहून घेता येत नाही.

शून्यछेद

मंद्र यांच्या विवेचनाशी बहुतांशी सहमत आहे, पण अटॅक शून्यावर आणल्यावर येणाऱ्या टक्‌विषयी थोडी भर घालतो. ती टक्‌ दोन वेगळ्या कारणांनी येऊ शकते आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

ऑसिलेटर मोकळा चालू असेल तर प्रत्येक आघाताच्या क्षणी लहर कुठेही असू शकते. ती माथ्यावर असताना एन्व्हलप एकदम उघडला की पातळी शून्यावरून थेट शिखरावर उडी घेते आणि त्या उडीत सगळ्या वारंवारता भरलेल्या असतात. पुढच्या आघाताला लहर योगायोगाने शून्याजवळ असेल तर टक्‌ येतच नाही. म्हणून अशी टक्‌ प्रत्येक वेळी वेगळी ऐकू येते, आणि हीच तिची खूण आहे. यावर ‘फेज रिसेट’ चालू करावा, म्हणजे प्रत्येक आघाताला लहर शून्यापासूनच निघते; ती सोय नसल्यास अटॅक एक-दोन मिलिसेकंद ठेवावा. किकमध्ये एवढ्याने थापेला धक्का लागत नाही. दुसरी शक्यता अशी की लहर शून्यापासूनच निघते आहे, पण पिचचा एन्व्हलप फार वरून आणि फार थोड्या वेळात उतरतो आहे. तिथे टक्‌ प्रत्येक वेळी हुबेहूब तशीच येते. ती अटॅकने झाकण्यापेक्षा पिचची मात्रा कमी करणे किंवा तिचा डिके पाच-दहा मिलिसेकंदांनी लांबवणे चांगले. मग ती टक्‌ शरीरात मिसळून जाते.

स्नेअरकडे वळतो. दोन आवाज एकाच क्षणी सुरू झाले तर कान त्यांना एकाच वस्तूचे मानायला तयार असतो; सुरुवात मागेपुढे झाली की तो त्यांना वेगळे काढतो. म्हणून पहिली तपासणी दोन्ही पातळ्यांच्या अटॅकची करावी. सुराचा अटॅक शून्य आणि नॉइजचा 15 मिलिसेकंद, असे काही चुकून राहिलेले असेल तर बाकीचे कितीही बदलून उपयोग नाही. खऱ्या स्नेअरमध्ये तारा खालच्या पडद्याला लागून असतात आणि वरच्या पडद्यावरचा आघात त्यांच्यापर्यंत हवेतून पोहोचायचा असतो हे खरे. पण 14 सेंटिमीटर खोलीच्या ड्रममध्ये या प्रवासाला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही, तेव्हा त्या नावाखाली नॉइज मागे ढकलण्याचे कारण नाही.

दुसरी तपासणी उतारांच्या नात्याची. सूर 180 ते 200 हर्ट्झच्या आसपास ठेवून त्याचा डिके आखूड, समजा 100 मिलिसेकंदांच्या घरात ठेवावा आणि नॉइजचा त्याच्या दीडपट ते दुप्पट. काठी उचलली गेल्यावरही तारा थोडा वेळ सळसळत राहतात, त्याच्याशी हे जुळते. नॉइज मात्र सुरापेक्षा तिप्पट-चौपट लांबला की ड्रम आधी संपतो आणि मागे नुसती फुसफुस उरते. तुम्ही वर्णन केलेले दुभंगलेपण बहुधा इथलेच आहे. नॉइजला वरच्या पट्ट्यापुरताच, म्हणजे साधारण हजार हर्ट्झच्या वर राहू द्यावे. खाली तो सुराशी भांडतो. फिल्टरचा एन्व्हलप लावायचाच असेल तर नॉइजच्या डिकेपेक्षा तो किंचित आखूड असावा, म्हणजे शेपूट विझता विझता बोथटही होते. सुरालाही पिचची छोटी घसरण द्यावी. अर्ध्या सप्तकाच्या आत पुरते. किकसारखी तीन सप्तके दिली तर स्नेअरचा टॉम होईल.

एन्व्हलप म्हणजे चढ आणि उतार एवढेच नव्हे, याचा उत्तम नमुना म्हणून रोलंडच्या 1980 सालच्या टीआर-808 या ड्रम यंत्रामधली टाळी पाहावी. आवाजाचा स्रोत नुसता गाळलेला नॉइज आहे, सूर वगैरे काहीच नाही. त्याच्या पातळीला सुमारे 10-10 मिलिसेकंदांच्या अंतराने तीन झटपट धक्के दिलेले आहेत आणि पाठोपाठ एक लांब शेपूट आहे. अनेक हात जवळजवळ एकदम, पण नेमके एकदम नव्हे, आपटल्याचा भास केवळ या आकारातून होतो. तुमच्या मॉड्यूलमध्ये एन्व्हलप पुन्हापुन्हा फिरवण्याची किंवा त्याच्या पातळीला वेगवान करवती लहर जोडण्याची सोय असेल तर हा प्रयोग अवश्य करावा. ध्वनिस्रोत तोच ठेवून आकार बदलल्याने काय होते, हे त्यातून जितके समजते तितके वाचून समजत नाही.

याच यंत्राच्या किकमध्ये तर पातळीचा वेगळा एन्व्हलप नाहीच. एक अनुनादी मंडल विजेच्या ठोक्याने हलवले जाते आणि ते स्वतःच घुमत विझते; डिकेचा नॉब त्या मंडलातला प्रतिपोषणाचा (फीडबॅकचा) भाग कमीजास्त करतो. त्यामुळे सिंथेसायझरच्या रीतीने त्या आवाजाची नक्कल करताना पातळीचा उतार पूर्णपणे घातांकी ठेवल्याखेरीज तो जुळत नाही.

नवा_वादक

दोघांचेही मनापासून आभार. मॉड्यूलमध्ये वन शॉट पद्धत नव्हती, पण रिलीज डिकेइतका केल्यावर तुटणे थांबले. किकच्या पिचसाठी घातांकी उताराचा पर्याय एका आतल्या पानावर सापडला आणि थाप आली. स्नेअरच्या नॉइजचा डिके सुराच्या पाचपट होता, तो खाली आणल्यावर तीही बरीच एकजीव झाली आहे.

यातून नवे दोन प्रश्न निघाले. हळू वाजवले तरी आवाज तोच राहतो, फक्त लहान होतो, त्यामुळे हलके आघात जोराच्या आघातांची दूरवरून ऐकलेली प्रत वाटतात. शिवाय स्नेअरवर रोल वाजवताना प्रत्येक आघात आधीच्याला कापून पुढे येतो आणि मधूनमधून चटचट ऐकू येते. या दोन्ही गोष्टी एन्व्हलपने सुधारतात का? तसेच तयार सॅम्पलांवरही हेच नियम लागू पडतात का?

तिहाई

हलक्या आणि जोरदार आघातांतला फरक आवाजाच्या आकारमानाचा नसतो, घडणीचा असतो. ताणलेल्या पडद्यावर जोरात मारले की क्षणभर त्याचा ताण वाढतो, सूर किंचित वर जातो आणि मग खाली स्थिरावतो. हळू मारल्यावर हे जवळपास घडतच नाही. म्हणून व्हेलॉसिटीची, म्हणजे आघाताच्या जोराच्या आकड्याची, पहिली जोडणी पिचच्या एन्व्हलपच्या मात्रेशी करावी, पातळीशी नंतर. मिडीची व्हेलॉसिटी 1 ते 127 असते; तिच्या तळाशी पिचची घसरण जवळपास शून्य आणि माथ्याशी तुम्ही ठरवलेली पूर्ण मात्रा अशी ठेवा. दुसरी जोडणी फिल्टरच्या कटऑफशी (गाळणे जिथे सुरू होते त्या वारंवारतेशी), म्हणजे जोराचे आघात उजळ होतील. तिसरी जोडणी अटॅकशी आणि तीही उलटी : जोराच्या आघाताला अर्धा मिलिसेकंद, हलक्या आघाताला चार-पाच. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो, पण हलक्या आघातांची धार त्याने मऊ होते आणि हळू वाजवलेले खरोखर हळू वाजवल्यासारखे ऐकू येते. एवढे झाल्यावर पातळीचा पल्ला तुम्हाला आधीपेक्षा कमी ठेवावासा वाटेल.

हे सगळे करण्यापूर्वी पॅडची ट्रिगर सेटिंग मात्र तपासावी. आघात झाल्यावर पायझोच्या संकेताचे शिखर सापडायला मॉड्यूल एक ते चार मिलिसेकंद थांबते. याला स्कॅन टाइम म्हणतात. तो फार कमी ठेवला तर शिखर येण्याआधीच मोजणी होते आणि सारख्याच जोराच्या आघातांना वेगवेगळी व्हेलॉसिटी मिळते. मग एन्व्हलपच्या जोडण्या बिचाऱ्या चुकीच्या आकड्यांवर इमानेइतबारे चालत राहतात. एका आघाताचे दोन ट्रिगर होत असतील तर तोही पॅडच्या मास्क टाइमचा (एका आघातानंतर नवा ट्रिगर न घेण्याच्या अवधीचा) प्रश्न आहे. अटॅक वाढवून तो लपवण्याच्या भानगडीत पडू नये.

रोलमधल्या चटचटीचे गणित असे. 120 च्या लयीत सोळांश आघातांमध्ये 125 मिलिसेकंदांचे अंतर असते. उताराचा कालांक 200 मिलिसेकंद असेल तर पुढचा आघात येतो तेव्हा आवाज अजून निम्म्याहून अधिक, सुमारे 53 टक्के पातळीवर असतो. आता एन्व्हलप शून्यावर जाऊन पुन्हा सुरू होत असेल तर 53 वरून शून्यावर पडणे हीच मोठी उडी, आणि तीच चट म्हणून ऐकू येते. एन्व्हलप आहे त्या पातळीवरून वर जात असेल तर चट येत नाही, पण थाप दुबळी होते, कारण चढायला 47 टक्केच उरतात. दोन्हींतला सुवर्णमध्य म्हणजे आधीच्या आघाताला दोन-तीन मिलिसेकंदांत खाली आणून नवा सुरू करणे. काही मॉड्यूलांत ही सोय असते. त्याहून चांगले म्हणजे एकाच पॅडला दोन स्वतंत्र आवाज देऊन आघात आलटून पालटून त्यांच्यावर टाकणे. मग आधीच्याचे शेपूट आपल्या गतीने विझते आणि नव्याला कोरी सुरुवात मिळते. दोन आवाजांच्या डिकेमध्ये आणि कटऑफमध्ये जरासा फरक ठेवला की यंत्राने मारल्यासारखा एकसुरीपणाही कमी होतो. फार फरक ठेवू नका, नाहीतर उजवा-डावा हात वेगळ्या ड्रमवर पडतोय असे वाटेल.

सॅम्पलांबाबत नियम थोडे बदलतात. ध्वनिमुद्रित आघाताला त्याचा स्वतःचा उतार आधीच असतो आणि मॉड्यूलचा एन्व्हलप त्याच्याशी गुणला जातो. त्यामुळे इथे एन्व्हलप फक्त काढून घेऊ शकतो. दोन सेकंदांत विझणारा टॉम तो अर्ध्या सेकंदाचा करील, अर्ध्या सेकंदाचा दोन सेकंदांचा करणार नाही. आणि लांब टॉम नुसत्या डिकेने आखूड करताना पहिल्या क्षणापासूनच उतार लागत असल्यामुळे काठीचा आघातही पातळ होतो. इथे होल्ड कामाला येतो. पहिले 30-40 मिलिसेकंद सॅम्पल जसेच्या तसे वाजू द्यावे आणि मग डिके सुरू करावा, म्हणजे आघात शाबूत राहून फक्त घुमारा आवरता येतो. इलेक्ट्रॉन कंपनीच्या अॅनालॉग रिदम या ड्रम यंत्रामध्ये पातळीच्या एन्व्हलपला अटॅक, होल्ड आणि डिके हेच तीन नॉब आहेत; ड्रमसाठी मला याहून सोयीची मांडणी माहीत नाही.

अटॅकचाही सॅम्पलांवर एक चांगला उपयोग आहे, जो सिंथेसायझरच्या आवाजात सहसा करावा लागत नाही. दोन सॅम्पले एकावर एक रचताना दोन्हींत काठीचा आघात असतो आणि ते एकमेकांना गढूळ करतात. एकाला 8-10 मिलिसेकंद अटॅक देऊन त्याचा आघात खरवडून टाकावा व फक्त शरीर ठेवावे, आणि दुसऱ्याला 30 मिलिसेकंदांचा डिके देऊन त्याचा फक्त आघात ठेवावा. जोडल्यावर तळ पोकळ वाटला तर एकाची ध्रुवता उलटी करून, म्हणजे लहरीचे वर-खाली उलटवून, पाहावी.

मंद्र

तिहाई यांनी व्हेलॉसिटी डिकेशी जोडण्याचा उल्लेख टाळला आहे, तो बहुधा जाणूनबुजून असावा. पुष्कळ तयार सेटिंगांत जोराचे आघात लांब आणि हलके आघात आखूड केलेले असतात, आणि किकच्या बाबतीत हे मला तरी त्रासदायक वाटते, कारण किकची लांबी बाससाठी सोडलेल्या जागेशी बांधलेली असते आणि ती आघातागणिक बदलली की तळच डळमळतो. टॉम आणि सिम्बलला ही जोडणी शोभते. जाता जाता आणखी एक. पिचचा एन्व्हलप नेहमी वरून खालीच यायला हवा असे नाही. तबल्याच्या डग्ग्यावर मनगट दाबत नेले की सूर आघातानंतर वर सरकतो. तसा नाद हवा असेल तर पिचची मात्रा ऋण करावी आणि त्याचा डिके चांगला दीड-दोनशे मिलिसेकंद ठेवावा. या एका ठिकाणी मी घातांकी उतार सोडून सरळ उतार वापरतो, कारण इथे प्रवास ऐकू यायलाच हवा असतो.

नवा_वादक

दोन आवाज आलटून पालटून वापरल्यावर रोल सुधारला. शेवटचा एक प्रश्न राहतो तो हाय-हॅटचा, म्हणजे पेडलने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या थाळ्यांच्या जोडीचा. उघडी वाजवून पेडल दाबली की आवाज बंद होतो खरा, पण कापल्यासारखा. आणि पेडल अर्धवट ठेवली असता उघडी किंवा बंद यांपैकी एकच ऐकू येते, मधले काहीच नाही.

शून्यछेद

कापल्यासारखे वाटते, कारण चोकची वेळ शून्य आहे. उघड्या आणि बंद हाय-हॅटला एकाच चोक गटात ठेवले की एकाचा ट्रिगर दुसऱ्याचा एन्व्हलप संपवतो. पण तो किती वेळात संपवायचा हे बहुतेक ठिकाणी वेगळे ठरवता येते. 10 ते 20 मिलिसेकंद ठेवून पाहा. मॉड्यूल चोकसाठी रिलीजच वापरत असेल तर उघड्या हाय-हॅटचा रिलीज आखूड ठेवावा लागेल, म्हणजे वर मंद्र यांनी सांगितलेल्या नियमाच्या उलट. त्या एका पॅडपुरता गेट टाइम वाढवावा लागला तरी ते मान्य करावे.

मधल्या अवस्थांसाठी दोन वेगळ्या आवाजांचा नाद सोडून एकच आवाज घ्यावा आणि पेडलची स्थिती त्याच्या डिकेला जोडावी. पेडल आपली स्थिती साधारणपणे मिडीच्या 4 क्रमांकाच्या कंट्रोलरवर पाठवते. पूर्ण बंदला 40 मिलिसेकंद आणि पूर्ण उघडीला 600 किंवा अधिक, असा पल्ला धरून चालावे, पण जोडणी समप्रमाणात ठेवू नये. खऱ्या हाय-हॅटमध्ये दोन थाळ्या एकमेकींना स्पर्श करू लागतात त्या शेवटच्या थोड्याशा अंतरातच सगळा फरक पडतो, म्हणून पेडलच्या खालच्या चौथ्या हिश्श्यात डिके झपाट्याने बदलेल असा वक्र द्यावा. आणि एक गोष्ट नीट पाहून घ्यावी : काही मॉड्यूले डिकेचे मूल्य फक्त आघाताच्या क्षणी वाचतात आणि तो आघात विझेपर्यंत तेच धरून ठेवतात. तसे असेल तर अर्धवट पेडलवरचे आघात बरोबर येतील, पण आवाज चालू असताना पेडल हळूहळू दाबून तो मिटवता येणार नाही. तिथे पेडल डिकेबरोबरच थेट आवाजाच्या पातळीलाही जोडावी. मूल्य सतत वाचले जात असेल तर त्याची गरज नाही, डिकेची जोडणीच दोन्ही कामे करील.